संस्कृतीचा अभ्यास कोणासाठी?



तुमच्यापैकी अनेकांच्या कुळातील पहिला मुलगा अथवा पहिली मुलगी आज विद्यापीठाची पायरी चढत आहे. समाजशास्त्र, इंग्रजी, मराठी किंवा पत्रकारिता यांपैकी एखादा विषय घेऊन ती एम.ए.ला बसते, तेव्हा ‘संस्कृती-अभ्यास’ या नावाचा विषय केव्हातरी तिच्यापुढे येतो. सुटीत ती घरी आली म्हणजे बाप कौतुकाने विचारतो, “पोरी, काय शिकवतात तिथं?” पोरगी चार परदेशी नावे घेते, दोन अवजड शब्द उच्चारते आणि गप्प बसते. बापही गप्प बसतो. आपल्या डोक्यापलीकडचे काही थोर ज्ञान लेक मिळवीत आहे, अशी मनाची समजूत घालून तो उठून जातो.

ही शांतता आम्हाला बोचते. जो विषय अशाच बापांच्या घरांविषयी बोलण्यासाठी जन्मास आला, तोच विषय त्या घरात बोलता येऊ नये, यास काय म्हणावे? हा दोष त्या मुलीचा नाही, बापाचा तर नाहीच नाही. हा दोष शिकविण्याच्या पद्धतीचा आहे, आणि ती पद्धत ज्यांच्या सोयीची आहे ते ती बदलू इच्छीत नाहीत, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. आरोप केला म्हणजे तो सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर येते. ती आम्ही टाळणार नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘संस्कृती’ हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु बहुधा तो आपल्याविरुद्ध वापरलेला ऐकला आहे. अमक्याचे घर सुसंस्कृत, तमक्याची वस्ती असंस्कृत. अमक्याचे उच्चार शुद्ध, तमक्याचे गावंढळ. एकाच्या ताटातील वरणभात सात्त्विक आणि दुसऱ्याच्या चुलीवरील सुके बोंबील शेजाऱ्याच्या नाकाला झोंबणारे! हे शेरे कोणी मारले, कोणत्या अधिकाराने मारले, हे विचारण्याची सोय नव्हती. जो शेरा मारीत होता त्याच्याच हाती शाळा होती, पोथी होती आणि वर्तमानपत्रही होते.

हा प्रकार केवळ आपल्याच देशात होता असे समजू नका. इंग्लंडात मॅथ्यू आर्नल्ड या कवी व समीक्षकाने १८६९ साली ‘कल्चर अँड अनार्की’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मनुष्यजातीने जे उत्तमोत्तम चिंतिले व लिहिले त्याचा परिचय म्हणजे संस्कृती, असा त्याचा आशय होता. ऐकावयास हे उदात्त वाटते. परंतु उत्तम कशास म्हणावयाचे, हे ठरविणार कोण? १९३० साली एफ. आर. लीविस या केंब्रिजच्या समीक्षकाने त्याचे उत्तर रोखठोक दिले. संस्कृतीची जपणूक ही प्रत्येक काळी मूठभरांच्याच हाती असते, असे त्याने प्रतिपादिले. म्हणजे खाणीतला मजूर, गिरणीतली बाई, रेल्वेचा सांधेवाला, यांना संस्कृती नाहीच. त्यांनी ती वरून घ्यावी, अथवा तिच्यावाचून राहावे!

या मताला ज्यांनी आव्हान दिले ते कोण होते, हे नीट लक्षात ठेवा. रेमंड विल्यम्स हा वेल्सच्या सीमेवरील पँडी या खेड्यात १९२१ साली जन्मला. त्याचा बाप रेल्वेत सिग्नल सांभाळणारा नोकर होता. रिचर्ड हॉगर्ट हा लीड्स शहरातील कामगार वस्तीत वाढला. लहानपणीच आईबाप गेले आणि आजीने त्याला सांभाळले. दुसरे महायुद्ध संपल्यावर विल्यम्स, हॉगर्ट आणि इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन हे तिघेही प्रौढ शिक्षणाच्या वर्गांत शिकवीत होते. समोर बसणारे विद्यार्थी होते दिवसभर काम करून आलेले स्त्रीपुरुष. ते प्रश्न विचारीत, शिक्षकाला अडवीत. या विषयाची मुळे अशा वर्गांत आहेत. ती केवळ दोनचार गाजलेल्या ग्रंथांत शोधणे चूक आहे, असे विल्यम्सने स्वतः १९८६ साली एका व्याख्यानात बजावून सांगितले.

या वर्गांतूनच त्यांची पुस्तके पिकली. हॉगर्टने १९५७ साली ‘द यूजेस ऑफ लिटरसी’ लिहिले. त्यात शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाचे एक प्रकरण आहे. हा मुलगा घरच्या गलबल्यात, एकाच उबदार खोलीत, टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करतो. जसजसा तो शिकतो तसतसा घरापासून तुटतो, आणि ज्या वर्गात जाऊन पोचतो तिथेही परकाच राहतो. वाचकहो, हा मुलगा तुम्हाला ओळखीचा वाटत नाही काय? विल्यम्सने १९५८ साली एका निबंधात निक्षून सांगितले की संस्कृती ही सामान्य, रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे. केंब्रिजच्या चहागृहात बसून आपल्या वागण्याबोलण्याच्या बारीकसारीक खुणांनी सुसंस्कृतपणा मिरविणाऱ्या मंडळींची त्याने त्या निबंधात यथेच्छ हजेरी घेतली. थॉम्प्सनने १९६३ साली इंग्लिश कामगारवर्गाचा इतिहास लिहून दाखवून दिले की हा वर्ग केवळ यंत्रांनी जन्मास घातला नाही. आपल्या घडणीत त्याचा स्वतःचा हात होता.

१९६४ साली हॉगर्टने बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन केले. जमैका बेटावर १९३२ साली जन्मलेले कृष्णवर्णी विचारवंत स्टुअर्ट हॉल त्याच वर्षी तेथे आले, आणि पुढे १९७९ पर्यंत त्या केंद्राचा भार त्यांनीच वाहिला. वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी, तरुणांचे कपडे, कामगारांच्या मुलांच्या शाळा, घरातील बायकांचे श्रम, हे सारे तेथे गंभीर अभ्यासाचे विषय झाले.

आता कोणी म्हणेल, कपड्यांचा आणि गाण्यांचा अभ्यास करून पोट भरते काय? अन्याय दूर होतो काय? त्याला आम्ही महाडच्या तळ्यावर घेऊन जातो. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने रावबहादुर बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव होता, तळे होते, तळ्यात पाणी होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नाही. माणूस आणि पाणी यांच्यामध्ये काय उभे होते? तेथे भिंत नव्हती, पोलिसांचा पहारा नव्हता. तेथे विटाळाची कल्पना उभी होती. ती स्पृश्यांच्या मनात अहंकार होऊन बसली होती आणि आपल्या आजापणजाच्या मनात भय होऊन बसली होती. सत्याग्रहानंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले, आणि न्यायालयाचा अखेरचा निर्णय मिळण्यास १९३७ साल उजाडले. ठराव आणि पाणी यांच्यामध्ये जी उभी राहते ती संस्कृती. मग तिचा अभ्यास हा रिकामटेकड्यांचा विलास कसा ठरेल?

याच प्रश्नाचा विचार एक मनुष्य इटलीच्या तुरुंगात करीत होता. आंतोनियो ग्राम्शी त्याचे नाव. तो १८९१ साली, म्हणजे बाबासाहेबांच्याच जन्मवर्षी, सार्डिनिया या दरिद्री बेटावर जन्मला. १९२६ साली मुसोलिनीच्या राजवटीने त्याला पकडले. तुरुंगात त्याने वह्यांमागून वह्या लिहिल्या आणि १९३७ साली तो मरण पावला. त्याचा सिद्धांत मराठीत ‘धुरीणत्व’ या शब्दाने ओळखला जातो. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. केवळ दंडुक्याच्या बळावर कोणतेही राज्य फार दिवस टिकत नाही. ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्यांचीच संमती मिळवावी लागते, आणि ती शाळेत, देवळात, वर्तमानपत्रात, म्हणींत आणि रूढींत तयार होते. “हे असेच चालत आले आहे” हे वाक्य म्हणजे त्या संमतीवरची सहीच होय. परंतु घडविलेली संमती मोडताही येते, हा ग्राम्शीच्या विचाराचा दुसरा अर्धा भाग आहे. त्यासाठी दडपलेल्या वर्गाने आपल्यातूनच आपले विचारवंत निर्माण करावे लागतात.

दुसरे हत्यार फ्रान्समधून आले. रोलाँ बार्थ याने १९५७ साली ‘मिथॉलॉजीज’ हे पुस्तक काढले. न्हाव्याच्या दुकानात बसला असता त्याच्या हाती एक साप्ताहिक पडले. मुखपृष्ठावर फ्रेंच सैनिकी वेषातील एक कृष्णवर्णी मुलगा सलाम करीत होता. बार्थ म्हणतो, चित्रात दिसतो मुलगा. परंतु चित्र सांगते असे की, पहा, फ्रान्सचे साम्राज्य किती न्यायी आहे, त्याची काळी लेकरेही त्याला निष्ठेने सलाम करतात! साम्राज्याचा सारा इतिहास पुसून टाकून ही गोष्ट स्वाभाविक असल्याचा भास ते चित्र निर्माण करते. तुमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकातील चित्रे एकदा या दृष्टीने पाहा. शिक्षकाचे नाव काय आहे? झाडू कोणाच्या हाती आहे? स्वयंपाकघरात कोण उभे आहे?

तिसरे हत्यार हॉल यांनी १९७३ साली दिले. बातमी अथवा कार्यक्रम तयार करणारा त्यात एक अर्थ भरतो. परंतु पाहणाऱ्याने तोच अर्थ काढलाच पाहिजे असा काही नेम नाही. हॉल यांनी वाचनाचे तीन प्रकार सांगितले. समजा, वर्तमानपत्रात मथळा आला की राखीव जागांमुळे गुणवत्ता घसरते. एक वाचक मान डोलावतो. दुसरा म्हणतो, तत्त्वतः खरे असेल, पण आमच्या गावची गोष्ट निराळी आहे. तिसरा विचारतो, गुणवत्ता मोजणारी फूटपट्टी कोणाच्या घरची आहे? हा तिसरा वाचक तयार करणे हेच या अभ्यासाचे कार्य आहे.

त्या फूटपट्टीचाच हिशेब पिएर बोर्दिय याने मांडला. तो फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील एका खेड्यातला, टपाल खात्यातील नोकराचा मुलगा. १९६४ साली झाँ-क्लोद पासेराँ यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्याने विद्यापीठातील विद्यार्थ्यांना ‘वारसदार’ म्हटले. पैशाप्रमाणे बोलण्याची ढब, पुस्तकांची सवय आणि अभिरुची यांचाही वारसा बापाकडून मुलाकडे जातो. हे ‘सांस्कृतिक भांडवल’ होय. शाळा हा वारसा पाहते आणि त्याला ‘बुद्धी’ असे नाव देते. ज्याच्या घरी चार पिढ्या पुस्तके आहेत तो हुशार ठरतो, आणि ज्याच्या आजाला शाळेच्या पायरीवरही बसू दिले नाही तो ढ ठरतो!

वाचकहो, ही चार हत्यारे तुम्हाला समजली ना? मग विद्यापीठातील पोरीला ती का समजू नयेत? कारण तिच्यापुढे ती हत्यार म्हणून ठेवलीच जात नाहीत. तिला नावे पाठ करावयास लावतात. ज्या सिद्धांताने चहागृहातील मंडळींचा सुसंस्कृतपणा उघडा पाडला, तोच सिद्धांत नव्या चहागृहातील मिरवण्याची वस्तू झाला आहे. जो अवघड बोलेल तो विद्वान, जो सोपे विचारील तो अडाणी! पूर्वी संस्कृत मंत्रांनी जे काम केले तेच आता परदेशी परिभाषेने करावयाचे, असा हा डाव दिसतो. सर्वच प्राध्यापक असे आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे असे आहेत त्यांना आम्ही विचारतो की, बार्थचे मुखपृष्ठ तुम्ही वर्गात दाखविता, मग आपल्या गावच्या शाळेतील चित्र का दाखवीत नाही?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे सिद्धांत म्हणजे वेदवाक्य नव्हे. बर्मिंगहॅमच्या केंद्रातही आरंभी वर्गाचाच विचार मुख्य होता. तेथील स्त्रियांनी भांडून १९७८ साली ‘विमेन टेक इश्यू’ हे पुस्तक काढले, आणि कृष्णवर्णी अभ्यासकांनी १९८२ साली ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ काढून वंशभेदाचा प्रश्न ऐरणीवर आणला. जातीचा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे नव्हता. तो आपल्यापुढे आहे, आणि त्याची सुरुवात बर्मिंगहॅमच्या पुष्कळ आधी झाली आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करणे हे जातीचे मर्म आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली ते बंधन टिकविण्यासाठी आल्या. त्यांचे गोडवे गाणारे तत्त्वज्ञान त्यांच्यानंतर रचले गेले, आणि वरच्यांचे अनुकरण करीत करीत ही व्यवस्था खाली पसरली. रूढी आधी आणि तिचे समर्थन मागाहून, हा विचार युरोपातील पंडितांच्या तोंडून ऐकून जे थक्क होतात, त्यांनी तो १९१६ च्या निबंधात वाचला आहे काय? संस्कृती-अभ्यासाचा परिचय करून देताना हा निबंध पहिल्याच आठवड्यात का वाचला जाऊ नये?

समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे एका बाजूस आणि अनुभवाची माहिती पुरविणारे दुसऱ्या बाजूस, असा एक नवा वर्णभेद आहे, अशी टीका प्रा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली केली. ती अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. पुणे विद्यापीठातील प्रा. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि सत्यशोधक जलसे यांचा अभ्यास करून, दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना ज्ञानाचा दर्जा देऊन, दुसरी वाट दाखविली. २०१३ साली त्या निवर्तल्या. ती वाट रुंद करणे हे आता तुमच्या मुलामुलींचे काम आहे.

परंतु केवळ विद्यापीठाला बोल लावून आपण सुटत नाही. हत्यार हाती आले म्हणजे ते स्वतःवरही चालवून पाहावे लागते. १९१६ च्या निबंधातील अनुकरणाचा नियम आपल्या घराला लावा. दीक्षा घेतली, नमस्काराचे शब्द बदलले, भिंतीवरचे फोटो बदलले; मग सोयरीक जुळविताना पोटजात कशाला विचारता? कर्ज काढून वरातीचा थाट कोणाच्या अनुकरणाने करता? घरात शेवटी कोण जेवते? मुलीने हे प्रश्न विचारले म्हणजे “शिकून शेफारली” असे म्हणणारा बाप त्या चहागृहातील मंडळींहून निराळा नाही, हे आम्ही कटू वाटले तरी सांगतो.

आणि ज्यांना वाटते की आपल्या मुलांनी फक्त इंजिनियर व डॉक्टर व्हावे, हा असला विषय कशाला, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. त्यांनी अवश्य इंजिनियर व्हावे. या विषयाने हमखास नोकरी मिळते, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. परंतु त्या इंजिनियरला कचेरीत पहिल्या दिवशी पूर्ण नाव विचारतात, आडनाव ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो, आणि तो बदल कसा वाचावा हे कोणत्याही यंत्रशास्त्राच्या पुस्तकात दिलेले नाही.

बर्मिंगहॅमच्या त्या केंद्राचे पुढे काय झाले, तेही ऐका. २००२ साली विद्यापीठाने तो विभागच बंद केला. संशोधनाच्या सरकारी मूल्यमापनात गुण कमी पडले, हे निमित्त. विद्यार्थ्यांनी निषेध केला, पण निर्णय फिरला नाही. विद्यापीठाच्या मेहेरबानीवर जगणारा विषय विद्यापीठाच्या एका आदेशाने मरू शकतो. घराघरांत रुजलेल्या विषयाचे तसे होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. विद्यापीठांनी हा विषय मराठीत शिकवावा. पहिला पाठ विद्यार्थ्याच्या घरापासून सुरू करावा. भिंतीवर काय आहे, बारशाला आणि लग्नाला कोणती गाणी म्हणतात, कोणते शब्द घरात चालतात आणि वर्गात लपवावे लागतात, हे विद्यार्थ्याने लिहावे, आणि सिद्धांत त्याच्या कसोटीवर घासून पाहावा. तुम्हीही आपल्या घरातील जलशाच्या जुन्या वह्या, आजीच्या तोंडच्या ओव्या, सभांची पत्रके रद्दीत घालू नका. उद्याच्या ग्रंथांचा तो कच्चा माल आहे, आणि ते ग्रंथ परक्याने लिहावेत अशी तुमची इच्छा नसेल, असा आमचा विश्वास आहे.

पुढच्या सुटीत लेक घरी आली म्हणजे तिला पुन्हा विचारा, “पोरी, काय शिकवतात तिथं?” ती अडखळली तर उठून जाऊ नका. तिला म्हणा, “आपल्या घराचं उदाहरण देऊन सांग.” जे तिला असे सांगता येईल तेवढेच तिने खरोखर शिकले, असे समजा. आणि जे सांगता येणार नाही, त्याचा जाब तिने परत जाऊन आपल्या शिक्षकाला विचारावा.